पाठमोरी

“तुम्ही पळणार का?” असं त्या टोपीवाल्या मुलीनं इंग्रजीत विचारलं, तेव्हा मी वाळूत गुडघे टेकून ह्यांच्या बुटातली वाळू झटकत होते. एका हातात ह्यांचा उजवा पाय, दुसऱ्या हातात बूट. तिच्या खांद्यावर केशरी कापडी पट्ट्यांचा जुडगा होता. शर्यतीत जो पळणार त्याच्या मनगटाला ती एक पट्टी बांधत होती.

मी मान हलवून नाही म्हटलं. ती हसून पुढं निघाली, तेवढ्यात ह्यांनी काठी आडवी धरली. काठीनं त्या पट्ट्यांकडे खूण केली आणि मग काठीचं टोक माझ्या खांद्याला टेकवलं.

“बरं,” हे म्हणाले.

“काय बरं? मी ह्या वयात कुठं पळू? आणि तुमच्याजवळ कोण बसणार?”

“बरं,” हे पुन्हा म्हणाले, जरा चिडून.

ह्यांच्याकडे तेव्हा दोनच शब्द उरले होते. बरं आणि नको. भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं, लेकीचा फोन आला तरी बरं. बाकीचं सगळं मी ओळखायचं.

हे म्हणजे माझे यजमान, चन्नाप्पा शेटे. सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत होती. सौदे निघाले की पोत्यांच्या थप्पीपुढं उभं राहून हे पुकारा करायचे. गर्दीतला कुठला व्यापारी कधी बोट वर करतोय, कोण नुसती मान हलवतोय, हे बघत आकडा चढवत न्यायचा आणि मध्ये श्वासही घ्यायचा नाही. पलीकडच्या गल्लीतला चहावाला मला एकदा म्हणाला होता, “वहिनी, अण्णांनी काल रात्री दही खाल्लं काय? आवाज बसलाय आज.” इतका तो आवाज लांब जायचा. मग एक दिवस सकाळी दाढी करताना हातातून रेझर पडला. मी आतून विचारलं काय पडलं, तर उत्तर आलं नाही. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. हातपाय थोडेफार परत आले. बोलणं आलं नाही.

डॉक्टर म्हणाले होते, शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट बंद झालीय. त्यांना बोलतं ठेवा. म्हणून मी दोन वर्षं ठेवत होते. चमचा समोर धरायचा. “हे काय आहे?” हे ओठ जुळवायचे, “च... च...” गळ्याच्या शिरा फुगायच्या. मला ते बघवायचं नाही. “चमचा,” मीच म्हणायचे. “म्हणा, चमचा.” हे तोंड फिरवायचे.

सिंगापूरला असलेल्या आमच्या मुलीनं, सुवर्णानं, आम्हाला बोलावून घेतलं आणि ह्या सहलीच्या बोटीवर चार दिवस पाठवून दिलं. तिला ऑफिसातून सुटी नव्हती. “आई, तुलाही जरा विश्रांती,” ती म्हणाली. बोट कसली, तरंगतं गावच होतं. पण त्या गावात आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं. जेवणाच्या टेबलावर मी ह्यांना भरवायला लागले की शेजारच्या टेबलावरची माणसं प्रेमानं बघायची आणि चटकन दुसरीकडे बघायची. लिफ्टमध्ये लोक आमच्यासाठी दार धरून ठेवायचे. बोलायचं कुणी नाही. दोन दिवस मी फक्त माझाच आवाज ऐकत होते. चहा घेता का, घ्या चहा, गरम आहे, फुंकर मारा, झालं, पुसा तोंड. प्रश्न माझा, उत्तरही माझंच. रात्री दिवा मालवला की खाली इंजिनाची घरघर ऐकू यायची आणि वाटायचं, निदान हे तरी बोलतंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोट त्या बेटासमोर उभी राहिली आणि लहान होड्यांतून सगळ्यांना काठावर आणलं. पांढरी वाळू, माडांची रांग, पलीकडे मासेमारांची वस्ती. तिथं खुर्च्यांची आणि शहाळ्यांची व्यवस्था बघणारा एक माणूस होता, पन्नाशीचा, काळासावळा, कपाळाला रुमाल बांधलेला. मी ह्यांना “सावकाश, पाय उचला,” म्हणत आणत होते ते ऐकून तो धावत आला.

“मराठी काय तुम्ही? खंयचे?” तो म्हणाला. मग लगेच सुधारून, “कुठले?”

“सांगलीचे.”

“मी उल्हास गावस. डिचोलीचा, गोव्याचा. बावीस वर्षं बोटीवर. मराठी बोलायला मिळत नाय हो इथं.” शब्द मराठी, हेल कोकणी. त्यानं ह्यांना दुसऱ्या बाजूनं धरलं, माडाच्या सावलीत चांगली रुंद खुर्ची लावून दिली आणि बसायला मदत केली. तेव्हापासून तो घिरट्या घालत होता. आताही तो शेजारीच उभा होता आणि काठीचा प्रकार बघत होता.

“वहिनी, भाऊ सांगतायत ते ऐका,” तो म्हणाला. “तीन किलोमीटर. म्हाताऱ्या बायका चालत जातात आणि फोटो काढत परत येतात. मी आहे ना इथं.”

“त्यांना मध्येच काही लागलं तर? बाथरूमला जायचं झालं तर? त्यांना सांगता येत नाही.”

“मला कळेल.”

“कसं कळेल? मला सवय झालीय म्हणून कळतं.”

उल्हासनं ह्यांच्याकडे पाहिलं. “भाऊ, बाथरूम लागली तर काठी आपटाल?”

ह्यांनी काठी वाळूत आपटली. दोघंही हसले. माझ्या मनगटाला पट्टी बांधली गेली.

लग्नाआधी मी पळायचे. कॉलेजात असताना आठशे मीटरला विद्यापीठापर्यंत गेले होते. मला बघायला आले तेव्हा ह्यांनी एवढंच विचारलं होतं, “अजून पळता का?” बैठकीतले सगळे हसले होते, आणि मी नाही म्हणाले होते, कारण आईनं आदल्या दिवशी तसंच सांगायला शिकवलं होतं. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली होती. पायात सुवर्णानं घेऊन दिलेले कॅनव्हासचे बूट, अंगात सलवार-कमीज, ओढणी कमरेला बांधलेली. अशी मी शर्यतीच्या दोरीमागं, सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभी राहिले.

शिट्टी वाजली. तरुण मुलं वाळू उडवत पुढं निघून गेली. मी आधी चालले. मागं वळून पाहिलं, तर हे खुर्चीत बसलेले आणि उल्हास त्यांना काहीतरी सांगत होता. पुन्हा थोडं चालून वळले. मग वाट माडांच्या आत शिरली आणि मागचं दिसेनासं झालं.

तिथं मी पळायला लागले. लागले म्हणजे काय, पाय आपोआप उचलले गेले. पहिल्या चढालाच बरगडीखाली कळ आली, श्वास घशात अडकला. थांबावं असं वाटलं, पण थांबले नाही, नुसता वेग कमी केला. वाट लाल मातीची होती. दोन्ही बाजूंना घरं खांबांवर उभी, दारात मासळी वाळत घातलेली. एक बाई ओसरीवर बसून पोराचे केस विंचरत होती, तिनं माझ्याकडे बघून कंगवा हलवला. कोंबड्या बाजूला पळाल्या. हळूहळू श्वासाला लय सापडली. दोन पावलांत आत, दोन पावलांत बाहेर, आमच्या सरांनी शिकवलं होतं तसं. अंग तेवढं विसरलेलं नव्हतं.

वाट डोंगरावरच्या पांढऱ्या दीपस्तंभाला वळसा घालून खाली यायची. तिथं पाण्याचे ग्लास ठेवलेले. मी पाणी प्याले आणि पलीकडे पाहिलं. बेटाची ही दुसरी बाजू होती. इथून आमची बोट दिसत नव्हती. खाली नुसता समुद्र आणि एक ओसाड किनारा, एकाही पावलाची खूण नसलेला. त्या किनाऱ्याकडे उतरणारी एक पायवाट होती.

माझ्याबरोबरची माणसं पाणी पिऊन परत फिरली. मी तिथंच उभी होते. दोन वर्षांत मी पहिल्यांदाच कुणाच्याही हाकेच्या टप्प्यात नव्हते. कुणाला काय हवंय ते ओळखायचं नव्हतं. वाऱ्यानं घाम वाळत होता. माझ्या मनात आलं की इथून खाली उतरून गेले तर? वाईट काही नव्हतं त्या विचारात. मरायचं वगैरे नव्हतं. फक्त त्या पायवाटेनं खाली जायचं आणि वाळूवर आडवं व्हायचं, आणि बोट निघून गेली तरी उठायचं नाही. तो विचार इतका शांत होता की मला त्याचीच भीती वाटली. मी वाटेवर दोन-चार पावलं उतरलेही होते.

मग एकदम ह्यांचा उजवा पाय डोळ्यांसमोर आला. त्या पायात मी बूट नीट घातला होता, पण पट्टा लावला होता का, ते आठवेना.

मी वळले आणि पळत सुटले. येताना पळाले ते काहीच नव्हतं. पट्टा लावला नसेल, हे उठायला जातील, पडतील, ओरडताही येणार नाही. नुसतं बरं म्हणतील. उल्हासला कुणी हाक मारली असेल, तो गेला असेल. उतारावर माझे पाय मला आवरत नव्हते. मी एकेकाला मागं टाकत होते. एक उंच गोरा माणूस बाजूला झाला आणि टाळ्या वाजवायला लागला. वस्तीतली पोरं ओरडत थोडं अंतर माझ्याबरोबर पळाली. सगळ्यांना वाटत होतं, ही म्हातारी काय जिद्दीनं पळतेय. घाबरलेलं माणूस असं पळतं, हे त्यांना कुठं ठाऊक असणार?

माडांतून वाळूवर आले. दोरीपाशी तीच टोपीवाली मुलगी हात उंचावून उभी होती. तिनं माझ्या गळ्यात काहीतरी घालायचा प्रयत्न केला, मी तिच्या हाताखालून तशीच पुढं गेले.

खुर्ची रिकामी होती.

काठी नव्हती. खुर्चीजवळच्या वाळूत ओढत गेलेल्या पायाची खूण होती, ती होड्यांच्या दिशेनं जात होती आणि मग बाकीच्या पावलांत मिसळून गेली होती. मला हाक मारता येईना. छातीत श्वास मावत नव्हता. मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, आणि तशी वाकलेली असतानाच मला आवाज ऐकू आला.

“आठ हजार! आठ हजार एक! आठ हजार दोनशे, दोनशे, दोनशे! आठ हजार पाचशे!”

मी जागची हलले नाही. मला वाटलं, पळण्यानं माझं डोकं फिरलंय. पण आवाज येतच होता. थोडा घोगरा, काही आकडे अर्धवट चावलेले, पण तोच. यार्डातला.

शहाळ्यांच्या मांडवाभोवती माणसांचं कडं उभं होतं. मी मागच्या बाजूनं, माडाच्या आडून पाहिलं. हे एका उलट्या टोपलीवर बसले होते. डाव्या हातात काठी उंच धरलेली. उल्हास समोर एक शहाळं डोक्यावर धरून उभा होता आणि भोवतीचे चिनी, गोरे, कुठले कुठले लोक हात वर करत होते. कुणाला एक अक्षर कळत नव्हतं. हात वर झाला की ह्यांची काठी त्याच्याकडे वळायची आणि आकडा चढायचा. एक जाडी बाई दोन्ही हात वर करून उड्या मारत होती. हे तिच्याकडे बघून डोळे मिचकावत होते.

“नऊ हजार एक वार! नऊ हजार दोन वार!” काठी वर गेली, थांबली. सगळे श्वास रोखून उभे. हे मुद्दाम वाट बघत होते, पूर्वी बघायचे तशीच. “तीन वार!”

शहाळं त्या बाईला मिळालं. टाळ्या झाल्या. हे हसत होते. चेहऱ्याची एक बाजू हसत होती आणि दुसरी तिच्या मागून जमेल तशी येत होती. तसं हसताना मी त्यांना आजारपणानंतर एकदाही पाहिलेलं नव्हतं.

मी झाडाआडून बाहेर आले. किती वेळ तिथंच थांबायला हवं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. पण मला त्यांच्याजवळ जायचं होतं. उल्हासनं दुसरं शहाळं उचललं, ह्यांनी तोंड उघडलं, “सात ह...” आणि मी दिसले.

आवाज थांबला. ह्यांनी ओठ जुळवले. गळ्याच्या शिरा वर आल्या. “स... स...” काठी खाली आली. लोक वाट बघत होते. मग हे माझ्याकडे बघत म्हणाले, “बरं.”

कडं हळूहळू मोडलं. कुणी त्यांच्या खांद्यावर थोपटून गेलं. उल्हास शहाळं हातात घेऊन तसाच उभा होता.

“वहिनी, मी काही केलं नाय हो,” तो म्हणाला. “शहाळी कमी, माणसं जास्त. भांडायला लागले. मी भाऊंना आपलं गमतीनं म्हटलं, आता लिलाव करू काय? तर ते उठले आणि इथवर चालत आले. एकटे. मी नुसता बाजूनं. आणि मग सुरूच झाले.”

“किती वेळ चाललं होतं?”

“तुम्ही गेलात त्याच्या थोड्या वेळानं सुरू झालं. धा-बारा शहाळी विकली असतील.” तो हसला. मग माझ्याकडे बघून त्याचं हसू ओसरलं. “बोलत नायत म्हणालात तुम्ही, म्हणून मला वाटलं तुम्हाला आनंद होईल.”

“झाला,” मी म्हटलं. “झाला ना.”

मी खाली बसले. ह्यांच्या बुटाचा पट्टा नीट लावलेला होता.

परतीच्या होडीत आम्ही शेवटच्या बाकावर होतो. होडी उसळत होती. पुढच्या माणसांपैकी दोघंतिघं वळून ह्यांना हात करत होते, हे काठी किंचित उचलत होते. मी गप्प होते. इतका वेळ गप्प मी कधी राहिले नव्हते. नेहमी मी म्हटलं असतं, घट्ट धरा, पाणी उडतंय, थंडी वाजतेय का? ते सगळं घशाशी येऊन परत जात होतं.

शेवटी मी विचारलं, “माझ्यासमोर का नाही?”

हे पाण्याकडे बघत राहिले.

“परक्या लोकांसमोर आला की आवाज. आणि मी आल्यावर गेला. मी काय केलं?”

ह्यांनी मान हलवली. काही केलं नाहीस, अशी. मग ते ओठ जुळवायला लागले. मला दिसत होतं की शब्द शोधतायत. माझ्या जिभेवर चार शब्द तयार होते, भीती वाटते, लाज वाटते, सवय नाही, कुठलाही देता आला असता. मी होडीची कड घट्ट धरली आणि दिला नाही.

“तो...” हे म्हणाले. “तों... तोंड.”

“तोंड? दुखतंय?”

“नको,” हे म्हणाले, म्हणजे तसं नाही. त्यांनी डावा हात उचलला आणि माझ्या गालाला बोट लावलं. “तु... तुझं.”

मी ओढणीनं चेहरा पुसला. मीठ होतं, घाम होता. “गेलं?”

ह्यांनी पुन्हा मान हलवली. मग त्यांनी एक गोष्ट केली. स्वतःच्या भुवया आवळल्या, मान पुढं काढली, ओठ अर्धवट उघडे ठेवले आणि डोळे मोठे करून माझ्या ओठांकडे बघत राहिले. अर्धाच चेहरा चालत होता, तरी मला ते ओळखू आलं. दूध उतू जाईल म्हणून पातेल्याकडे बघताना माणसाचं जसं तोंड होतं, तसं ते होतं. ते माझं तोंड होतं. रोज चमचा समोर धरताना, कंगवा समोर धरताना, मी त्यांना ते दाखवत आले होते.

मी बाकावरच फिरले आणि त्यांच्याकडे पाठ करून समुद्राकडे बघत बसले. रागानं नाही. दुसरं काय करावं ते सुचलं नाही म्हणून. बेट मागं पडत होतं. दीपस्तंभ आता काडीएवढा दिसत होता.

बऱ्याच वेळानं माझ्या पाठीमागून आवाज आला. हळू, तुटक, पण एका दमात.

“पळालीस.”

शर्यतीत पळणं आणि घर सोडून पळणं, दोन्हीला आपल्याकडे एकच शब्द. ते विचारत होते की सांगत होते, आणि त्यातलं कुठलं, हे मला कळलं नाही. मी वळून पाहिलं असतं तर चेहऱ्यावरून कळलं असतं. मी वळले नाही.

“हो,” मी म्हटलं. “आले परत.”

मग काठी माझ्या पाठीला हलकेच टेकली आणि होडी बोटीला लागेपर्यंत तशीच टेकलेली राहिली.

ह्यानंतर हे आठ-नऊ वर्षं जगले. बोलणं पूर्वीसारखं कधीच झालं नाही, पण तुटक तुटक येत गेलं. सकाळी मी त्यांना यार्डात सोडायचे आणि मैदानावर जाऊन दोन फेऱ्या पळायचे. तिकडे ते पोत्यावर बसून लोकांशी काय काय बोलतात, हे मला लोक सांगायचे. “आज अण्णा लई बोलले, वहिनी.” मी बरं म्हणायचे.

घरी मी स्वयंपाकघराचा ओटा बदलून घेतला. गॅस भिंतीकडे नेला, म्हणजे भाकरी थापताना माझी पाठ जेवणाच्या टेबलाकडे यायची. हे तिथं येऊन बसायचे आणि बोलायचे. यार्डात कोण आलं होतं. हळदीला दर नाही. गुडघा दुखतो. एकेका वाक्याला वेळ लागायचा, मी तव्याकडे बघत थांबायचे. मधला शब्द मला माहीत असायचा, पण मी तो भाकरीत थापायचे. एकदा फळीवरच्या स्टीलच्या डब्यात मला त्यांची पुसट आकृती दिसली. ओठ हलताना दिसत नव्हते, नुसता हात हलताना दिसत होता. मी बघत राहिले. मग ते चोरल्यासारखं वाटलं आणि मी डबा खाली ठेवला.

सुवर्णा आली की तिला हे सगळं विचित्र वाटायचं. “आई, अण्णा तुझ्याशी बोलतायत आणि तू त्यांच्याकडे बघतही नाहीस. भांडलात का?”

“बघितलं की थांबतात,” मी सांगायचे.

“माझ्याकडे बघून तर बोलतात.”

“तुझ्याकडे बघून बोलतात,” मी म्हणायचे. तिला त्याहून जास्त काय सांगणार? तिच्याशी बोलायचे, दारावरच्या भाजीवाल्याशी बोलायचे, जावयाशी तर हसून बोलायचे. ह्यांचा बोलतानाचा चेहरा सगळ्या गावानं पाहिला. मी खूप प्रयत्न केला. आरशासमोर उभी राहून चेहरा सैल सोडायला शिकले. पण त्यांच्यासमोर बसले की तो आपोआप तसाच व्हायचा. तीस वर्षं ज्या आवाजावर मी माझा दिवस लावला होता, तो पुढचा शब्द काय देतो ह्याची वाट न बघणं मला जमलंच नाही.

शेवटी दवाखान्यात होते तेव्हा दुपारची वेळ होती. सुवर्णा खाली औषधं आणायला गेली होती. मी पलंगाशी बसले होते, पाहिलं तर ह्यांचे ओठ हलत होते. मी उठले, खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसले. खाली आवारात कुणीतरी गाडीला धक्का मारत होतं.

“जेव...” मागून आवाज आला. मी थांबले. “जेवलीस?”

“हो,” मी म्हटलं.

मग, अगदी स्पष्ट, “खोटं.”

मला हसू आलं. खांदे हलले असतील, ते त्यांना दिसले असतील. खालची गाडी सुरू झाली आणि निघून गेली. त्यांना अजून काही म्हणायचं असेल म्हणून मी वळले नाही, बाहेर बघत तशीच बसून राहिले, सुवर्णानं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवेपर्यंत.